उकळताना पाण्याचा रेणू तुटत नाही

पाण्याच्या गुणधर्मांविषयी आपल्या विज्ञान पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख वाचला; त्यात पाणी उकळते तेव्हा हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यातील बंध तुटतात असे जे विधान आहे, ते चुकीचे आहे. तसे होत असते तर उकळत्या भांड्यातून वाफेऐवजी हे दोन वायू बाहेर पडले असते. रेणूच्या आतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा लागते. उकळताना तुटतात ते शेजारच्या रेणूंना परस्परांशी जोडणारे हायड्रोजन बंध, आणि त्यांना मोलमागे २० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. सुटा बंध असा दुबळा असला, तरी पाण्याचा प्रत्येक रेणू असे चार बंध जोडू शकत असल्याने त्यांचा एकत्रित प्रभाव फार मोठा असतो. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळपास दुप्पट जड आहे. तरीही असे बंध त्यात अत्यंत क्षीण असल्याने तो पदार्थ उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो, तर पाण्याला १०० अंश गाठावे लागतात. बर्फ तरंगतो हे लेखात योग्य सांगितले आहे, मात्र त्याचे कारण राहून गेले: गोठताना हेच बंध रेणूंना पोकळ षट्कोनी रचनेत बसवतात आणि घनता सुमारे ८ टक्क्यांनी घटते. ही पुरवणी विद्यार्थी अभ्यासासाठी कापून ठेवतात, म्हणून पुढील अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका