फक्की मारल्यावरच कळतं

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणालात, म्हणून लिहायला बसले. राजीनामा मागच्या सोमवारी दिला. वर्षाचं भाडं आणि तुमच्या मेडिक्लेमचा हप्ता आधीच बाजूला काढलाय, तिथं काही अडणार नाही. डबा त्याच काकूंचा, आई. भाकरीसुद्धा असते.

वरच्या काकांना काय सांगायचं, तर एवढंच सांगा की घरांऐवजी आता गल्ल्या बांधते. काउंटर-स्ट्राइक 2 या कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये पाच-पाच जणांचे दोन संघ. एक बॉम्ब लावायला निघतो, दुसरा अडवतो. त्यांच्या वाटा, म्हणजे खेळाचा नकाशा, हॅमर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये रचायच्या. एक युनिट म्हणजे ढोबळमानाने एक इंच. खेळाडू 72 उंच, 32 रुंद, डोळे 64 वर. 18 पर्यंतची पायरी तो उडी न मारता चढतो. (आपल्या न्हाणीघराचा उंबरा त्याच्या निम्मासुद्धा नाही, तरी तुमचे गुडघे कुरकुरतात. गवंड्याला बोलावून उतरता करून घ्या. याच महिन्यात.)

सुरुवात करड्या ठोकळ्यांनी. प्लॉटवर चुन्याची फक्की मारून तुम्ही आईला कळशी घेऊन चालवलं होतंत ना, चुलीपासून तुळशीपर्यंत? तस्संच. हातात चाकू असला की खेळाडू सेकंदाला 250 युनिट धावतो. म्हणजे 3000 युनिटांवरचा चौक हल्लेखोर 12 सेकंदांत गाठतात. बचाववाल्यांना 13 लागले, तर चौक हातचा गेलाच. मग हल्लेखोरांची सुरुवातीची जागा 500 युनिट मागे सरकवायची, दोन सेकंद मिळतात. हे गिलाव्याआधी तपासलं नाही तर सजवलेली अख्खी गल्ली पाडावी लागते. तुम्हाला मी काय सांगायचं!

आडोशाची भिंत 60 ची झाली की मागच्याचं डोळ्यापासून वरचंच काय ते दिसतं, आणि तो मात्र निवांत नेम धरतो. ती 48 वर आणते. खांबाची किनार चार युनिटं पुढे आली तरी भिंतीला घासून पळणारा तिथे अडकतो. म्हणून तिच्यावरून प्लेअर क्लिपचा सपाट, अदृश्य ठोकळा बसवायचा.

हा पोरखेळ नाही हो, बाबा. याच गेमसाठी डेव्ह जॉन्स्टनने रचलेला डस्ट 2 हा 2001 चा नकाशा लोक अजून खेळतात. रंग-गिलावा बदलला, वाटा बहुतेक त्याच. तुमची पट्टी आणि ती बोथट पेन्सिल माझ्याकडेच आहे, रागावू नका. पहिली आखणी अजून कागदावरच करते.

रक्तदाबाची गोळी सकाळी, चहाआधी. ‘विसरलो’ चालणार नाही. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढू नकोस, मी दिवाळीला आले की काढीन. लॅपटॉप आणतेय. बाबांना नकाशात चालायला लावणार आहे. कुठे अडकतं ते त्यांनीच सांगायचं.

तुमची,
बबी