आफ्रिकेतल्या खेड्यात शिकवायला आणि खेळवायला जाणाऱ्यांसाठी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

‘दोन आठवडे आफ्रिकेत शिकवा, मुलांबरोबर फुटबॉल खेळा, प्रमाणपत्र मिळवा’ अशा जाहिराती हल्ली मराठी तरुणांच्या मोबाइलवर सर्रास येतात. आम्ही झांबियाच्या पूर्व प्रांतातल्या खेड्यांमधल्या शाळा आणि मुलामुलींचे खेळसंघ यांच्याबरोबर काम करणारी काही मराठी मंडळी. कुणी येऊच नये, असं आमचं अजिबात म्हणणं नाही. पण बाहेरून आलेल्या माणसाने वर्गापुढे उभं राहून शिकवणं हा या कामातला सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे, आणि पैसे घेऊन विकला जातो तो नेमका तोच. खरा उपयोग कुठे होतो, ते जरा तपशिलात सांगावं म्हणून हे पत्र.

आधी भाषेचं पाहा. झांबियात 2014 पासून पहिली ते चौथीपर्यंत वाचन-लेखनाची सुरुवात स्थानिक भाषेत करण्याचं धोरण आलं. शाळेसाठी मान्य भाषा सात: बेंबा, न्यांजा, टोंगा, लोझी, काओंडे, लुंडा आणि लुवाले. चिपाटा, काटेटे, पेटाउके या आमच्या बाजूच्या जिल्ह्यांत न्यांजा चालते. तिसरीच्या वर्गात पाहुणा इंग्रजीतून धडा घेऊ लागला की पन्नास-साठ मुलं त्याच्यामागून एका सुरात म्हणतात. ऐकायला छान वाटतं, फोटोही चांगला येतो. पण त्या सुरात कुणाला वाचता येतं आणि कुणाला येत नाही, हे कळायला काहीच मार्ग राहत नाही. शिवाय तेवढे दिवस त्यांचे रोजचे शिक्षक बाजूला बसून राहतात, आणि पाहुणा गेल्यावर अर्धवट राहिलेला धडा त्यांच्याच गळ्यात पडतो.

त्याऐवजी एकेका मुलाची वाचनचाचणी घ्यायला शिक्षकांना मदत करा. ही पद्धत आपल्याला परकी नाही. मुंबईत 1995 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेने 2005 पासून ‘असर’ ही मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी सुरू केली. तिच्या धर्तीवर केनिया, टांझानिया आणि युगांडात 2009 मध्ये ‘उवेझो’ ही पाहणी सुरू झाली. झांबियाच्या शिक्षण मंत्रालयाने 2016 मध्ये तिसरी ते पाचवीसाठी ‘कॅच अप’ नावाने जो प्रयोग केला, त्याचा पायाही इयत्ता न बघता पातळी बघून शिकवण्याचाच आहे. त्यामुळे मराठी स्वयंसेवकाला निघण्यापूर्वी आपल्याच तालुक्यात याचा सराव करता येतो. तो केल्याशिवाय विमानात बसू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चाचणी अशी घेतात. मुलाला बाजूला, झाडाखाली बसवायचं. आधी सोपा चार ओळींचा परिच्छेद द्यायचा. तो न अडखळता वाचला तर गोष्ट. अडखळला तर शब्द. पाच शब्दांपैकी चार बरोबर आले तर मूल शब्दाच्या पातळीवर, नाही तर अक्षरं दाखवायची, तिथेही पाचांत चार. एका मुलाला पाच ते दहा मिनिटं लागतात. म्हणजे साठ मुलांचा वर्ग दोघा जणांना मिळून दोन-तीन सकाळी पुरतो. चाचणी बिघडते ती ठरावीक कारणांनी. वर्गातच घेतली तर मागचं मूल ऐकून पाठ करतं, म्हणून मजकुराचे किमान तीन-चार वेगळे नमुने हवेत. घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर ‘हो, बरोबर’ उमटलं की मूल अंदाजाने पुढे जातं. आणि चाचणी इंग्रजीतून घेतली तर जवळजवळ सगळी मुलं ‘अक्षर’ गटात पडतात आणि शिक्षक नाउमेद होतात. न्यांजा येत नसेल तर चाचणी शिक्षकांनीच घ्यावी, आपण नोंदवही सांभाळावी. हे काम कमी प्रतीचं नाही. नोंद नीट असेल तरच सत्राच्या शेवटी त्याच मुलाची पुन्हा चाचणी घेऊन गट बदलता येतात. गट एकदा पाडले आणि पुढे बदललेच नाहीत, तर खालच्या गटावर कायमचा शिक्का बसतो.

शिकवण्याच्या साहित्यात बाराखडीचा तक्ता इथे फार कामाला येतो. न्यांजा, बेंबा, टोंगा या भाषांत स्वर पाच आणि बहुतेक अक्षरं स्वरान्त. मा, मे, मी, मो, मू अशी ओळ एकदा बसली की मूल शब्द जोडू लागतं. अडतं ते म्ब, न्ड, न्ग, न्य अशा अनुनासिक जोड्यांपाशी. ‘न्यूम्बा’ म्हणजे घर हा शब्द वाचताना मूल ‘न’वर थांबून राहतं. या जोड्यांचा वेगळा तक्ता करावा आणि तो साध्या ओळींनंतरच लावावा. गणितासाठी काडीसुद्धा विकत घ्यावी लागत नाही. वाळक्या गवताच्या एकसारख्या कापलेल्या काड्या, दहा-दहाच्या जुड्या बांधायला जुन्या सायकल ट्यूबच्या चकत्या, आणि सुट्या एककांसाठी बाटल्यांची बुचं. हातच्याची वजाबाकी करताना जुडी प्रत्यक्ष सोडवली, की जे फळ्यावर आठवडाभर कळलं नसतं ते तिथल्या तिथे कळतं.

एक अडचण मात्र सांगायला हवी. 2022 पासून सरकारी शाळांत माध्यमिकपर्यंतचं शिक्षण मोफत झालं. निर्णय फार चांगला, पण पटसंख्या फुगली. ज्या कम्युनिटी स्कूल गावानेच चालवल्या आहेत, तिथे सगळ्या इयत्तांना मिळून दोन-तीनच शिक्षक असतात आणि त्यातले काही मानधनाशिवाय काम करतात. अशा ठिकाणी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे चार गट कागदावरच राहतात. दोनच करावेत: अक्षर ओळखणारे आणि शब्द वाचणारे. तास मोडू नये म्हणून गटवर्ग शाळेच्या वेळेआधी किंवा नंतर, रोज तासभर. आठवड्यातून एकदाच तीन तास घेतले तर मागचं विसरलेलं असतं.

आता खेळाबद्दल. इथे मुलगे फुटबॉल खेळतात आणि मुली नेटबॉल, म्हणजे खांबावरच्या कड्यात चेंडू टाकण्याचा बास्केटबॉलसारखा खेळ. येणारे पाहुणे फुटबॉलचे चेंडू आणतात, नेटबॉलकडे कुणाचं लक्षच जात नाही. खरं तर नेटबॉलचं सामान जिल्ह्याच्या ठिकाणचा, म्हणजे लोक ज्याला ‘बोमा’ म्हणतात तिथला, कुठलाही वेल्डर करून देतो. कड्याचा आतला व्यास 380 मिलिमीटर. बांधकामाची 12 मिलिमीटरची सळई घेतली तर कड्यासाठी साधारण 123 सेंटिमीटर लांबी लागते, शिवाय खांबापासून कडं 15 सेंटिमीटर पुढे राहावं यासाठी आडवा तुकडा. जमिनीपासून कड्याची उंची 3.05 मीटर. लहान मुलींसाठी ती कमी ठेवावी. खांब लाकडी घेतला तर वाळवी एक-दोन पावसाळ्यांत बुंधा खाते. दोन इंची लोखंडी पाइप 60 सेंटिमीटर खोल काँक्रीटमध्ये बसवला की प्रश्न मिटतो. फुटबॉलचे सुटे गोलखांब तर जमिनीला जखडल्याशिवाय ठेवूच नयेत. मुलं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि जड चौकट अंगावर पडून जीव जाऊ शकतो. आखणीला चुना महाग पडतो, चुलीतली राख चालते.

चेंडू हा या सगळ्या उपक्रमांचा सगळ्यात आधी संपणारा माल. चाळीस मुलांत दोन चेंडू दिले तर बहुतेक मुलं उभीच राहतात. चार-पाच मुलांमागे एक हवा, म्हणजे आठ ते दहा. मैदान लाल मुरमाचं, कडेला बाभळीच्या जातीची काटेरी झाडं. शिवलेला चकचकीत चेंडू इथे शिवणीवर उसवतो. चेंडूच्या आतली हवेची पिशवी म्हणजे ब्लॅडर. लॅटेक्स ब्लॅडर एक-दोन दिवसांत हवा सोडतं, ब्युटाइल ब्लॅडर आठवडाभर टिकतं, हे विकत घेतानाच बघावं. रोजच्या सरावाला साच्यात केलेला रबरी चेंडू, सामन्याला शिवलेला, अशी वाटणी सोयीची. बारा वर्षांखालच्यांना 4 नंबरचा, मोठ्यांना 5 नंबरचा. हवा शिफारशीच्या खालच्या बाजूला ठेवावी, टणक जमिनीवर फार फुगवलेला चेंडू लवकर जातो. पंप धातूचा घ्यावा आणि सुया डझनभर, कारण पंपापेक्षा सुया आधी हरवतात किंवा मोडतात. सुई कोरडी खुपसली तर व्हॉल्व्ह आत ढकलला जातो. आधी ग्लिसरीनचा थेंब लावावा. काटा लागला तर शिवणीचे टाके उसवून ब्लॅडर बाहेर काढायचं, सायकलचं पंक्चर काढतात तसं ठिगळ लावायचं आणि मेणाच्या नायलॉन दोऱ्याने, वाकड्या सुईने पुन्हा शिवायचं. सायकल दुरुस्त करणारा इथे बहुतेक गावांत असतो. त्याला हे एकदा दाखवून चार सुया आणि दोऱ्याचं रीळ दिलं, तर पाहुण्याने आणलेल्या दहा नव्या चेंडूंपेक्षा संघ जास्त काळ खेळतो.

भारतातून पेट्या भरून बूट, कपडे, चेंडू आणू नयेत. जकातीत अडकतात, आणि चिपाट्यात गुजराती व्यापाऱ्यांच्या दुकानांत बरंचसं मिळतं. तिथे घेतलं तर बिघडलेला माल परतही करता येतो.

मुलींच्या सरावाची वेळ हा सगळ्यात नाजूक विषय. शाळा सुटल्यावर त्यांना पाणी आणायचं असतं, संध्याकाळी नशिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट रोजचं अन्न, शिजवायला मदत करायची असते. सराव साडेचारला ठेवला की पहिल्या महिन्यातच मुली गळतात आणि मग ‘मुलींना खेळाची आवड नाही’ असा अहवाल लिहिला जातो. दोनला सुरू करून साडेतीनला संपवावा. चालत घरी जायला उजेड हवा. इथे वर्षभर सूर्य सहाच्या आसपास मावळतो. आखूड चड्डीला काही आया हरकत घेतात, तिथे वाद न घालता स्कर्ट चालू द्यावा. प्रशिक्षक गावातलीच बाई हवी. केनियातल्या किलिफी भागात ‘मूव्हिंग द गोलपोस्ट्स’ या संस्थेने 2001 पासून मुलींच्याच समित्यांकडे स्पर्धा चालवायला दिल्या आहेत. पंच, वेळापत्रक, नोंदी सगळं मुली बघतात. आपल्या नागपूरच्या ‘स्लम सॉकर’ या फुटबॉल संस्थेचं कामही त्याच वर्षी सुरू झालेलं. निघण्यापूर्वी तिथे जाऊन बघण्यासारखं खूप आहे. खो-खो शिकवावा का, असं बरेच जण विचारतात. दोन खांब आणि राखेची रेघ एवढ्यावर होणारा खेळ म्हणून जरूर शिकवावा, पण त्यासाठी चालू नेटबॉल बंद पाडू नये.

केव्हा यावं? शाळेची सत्रं तीन: जानेवारी ते एप्रिल, मे ते ऑगस्ट, सप्टेंबर ते डिसेंबर, आणि प्रत्येकानंतर सुट्टी. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. जानेवारी ते मार्च जुना मका संपत आलेला आणि नवा शेतात उभा, तेव्हा बरीच मुलं उपाशीपोटी शाळेत येतात. 2024 साली दुष्काळामुळे सरकारला राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली होती, त्यानंतर तर हे महिने फारच कठीण गेले. त्या काळात पळापळीचे सराव नकोत. मे-जून सगळ्यात योग्य: नवं सत्र, कोरडी थंड हवा, कापणी झालेली. आपल्याकडच्या सुट्ट्यांशीही जुळतं. दिवाळीत येणाऱ्याला ऑक्टोबरचा कडक उन्हाळा आणि पाठोपाठ वार्षिक परीक्षा सापडतात.

पोचल्यावर आधी मुख्याध्यापक, मग जिल्हा शिक्षण मंडळाच्या सचिवांचं कार्यालय, मग गावचा मुखिया, हा क्रम पाळावा. पर्यटक व्हिसावर काम करू नये. परवान्याचं यजमान संस्थेने बघायला हवं. पासपोर्ट कार्यालयातून मिळणारं पोलीस पडताळणीचं प्रमाणपत्र कुणी मागितलं नाही तरी बरोबर न्यावं. जी संस्था ते मागतच नाही, तिच्याबद्दल शंका घ्यावी. मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत बसू नये, फोटो पालकांना विचारून. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. डॉक्सीसायक्लिन असेल तर परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी लागते, आणि पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर आफ्रिकेतून आल्याचं डॉक्टरांना सांगून रक्त तपासावं. केनिया, युगांडा किंवा इथिओपियात मुक्काम असेल तर परतीसाठी पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरलं जातं. मलावीच्या सरोवरात किनाऱ्याजवळ पोहण्याचा मोह टाळावा, गोगलगायींतून पसरणारा बिल्हार्झिया हा कृमींचा रोग तिथे आहे.

अनाथाश्रमात ‘मुलांना लळा लावायला’ नेणारी कुठलीही योजना सरळ नाकारा. अशा आश्रमांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. पाहुण्यांच्या पैशासाठी मुलं घरातून उचलली जातात, हे इतकं उघड झालं आहे की ऑस्ट्रेलियाने 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी त्याची दखल घेतली.

पैसे भरण्यापूर्वी संस्थेला काही गोष्टी विचारा. भरलेल्या शुल्कातले किती स्थानिक शिक्षक आणि प्रशिक्षकांच्या मानधनाला जातात? तुम्ही नसताना वर्षभर सराव कोण घेतं, आणि त्या व्यक्तीशी निघण्याआधी फोनवर बोलता येईल का? मागच्या सत्राच्या वाचनचाचणीची नोंदवही दाखवता येईल का? उत्तरं मिळाली तर मार्चपर्यंत चाचणीचा सराव आटोपून मे महिन्यात या आणि निदान सहा आठवडे थांबा. तेवढी सवड नसेल तर तिकिटाचे पैसे तशाच एखाद्या कम्युनिटी स्कूलच्या पालक समितीकडे, दोन वर्षांच्या हप्त्यांत, प्रशिक्षिकेच्या मानधनासाठी आणि सायकलसाठी पाठवा.

आपले,
पूर्व झांबियातील काही मराठी स्वयंसेवक