युस्थेनोप्टेरॉनविषयी मित्रास पत्र

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

जुन्या पुस्तकांतील चित्रांत परांवर भार देऊन पाण्याबाहेर येणारा मासा खरोखर तसा येत असे काय, असे तू विचारले आहेस. तो मासा म्हणजे युस्थेनोप्टेरॉन, चार पायांच्या प्राण्यांच्या पूर्वजांचा जवळचा नातलग असलेला एक नामशेष मासा, आणि माझे उत्तर नकारार्थी आहे. पण त्यामुळे त्याचे महत्त्व उणावत नाही.

त्याचे उत्तम जीवाश्म कॅनडातील क्वेबेक प्रांतात, मिग्वाशाच्या कड्यांत सापडतात. तेथील खडक सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे डेव्होनियन काळाच्या उत्तरार्धातले. जीवाश्मतज्ज्ञ व्हाइटीव्ह्ज यांनी 1881 मध्ये या प्रजातीला नाव दिले. पुढे स्वीडनचे जीवाश्मतज्ज्ञ एरिक यार्विक यांनी जवळजवळ सारे आयुष्य या एका माशाला वाहिले. कवटीचा जीवाश्म थर-थर घासायचा, उघड्या पडलेल्या प्रत्येक पृष्ठभागाची नोंद करायची आणि त्यावरून मेणाचे पातळ थर कापून, ते एकमेकांवर रचून मोठी प्रतिकृती उभी करायची, अशी ती पद्धत होती. मूळ जीवाश्म त्यात संपूनच जाई. एवढे धाडस माझ्याने झाले नसते. त्यांची सगळी मते मात्र टिकली नाहीत. सॅलॅमँडर (शेपटी असलेला उभयचर) आणि बेडूक वेगवेगळ्या मत्स्यगटांतून उद्भवले, हे त्यांचे म्हणणे आज कोणी मानत नाही.

खरी गंमत पुढच्या परात आहे. खांद्याशी एकच हाड, त्यापुढे दोन. आपल्या दंडात आणि कोपराखाली आहे तीच मांडणी. त्यापुढे मात्र बोटे नाहीत, परांचे काटेच आहेत. पाठीवरचे पर मागे सरकलेले आणि शेपूट तीन पाळ्यांचे, यावरून तो दबा धरून भक्ष्यावर एकदम झेपावत असावा, असे मानतात. म्हणजे हाताची हाडे जमिनीवर चालण्याच्या गरजेतून घडलेली नाहीत. पोहणाऱ्या प्राण्यात ती आधीच तयार होती, आणि मला हेच त्या चित्राहून अधिक विस्मयकारक वाटते.

अलीकडे फ्रान्समधील ग्रेनोबल येथील सिंक्रोट्रॉन या अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्राच्या किरणांनी त्याच्या दंडाचे हाड न फोडता आतून तपासले गेले. चतुष्पादांच्या, म्हणजे चार पायांच्या प्राण्यांच्या, हाडांत पुढे जी मज्जेची व्यवस्था दिसते, तिची पूर्वतयारी सुचवणारी रचना 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळली. ज्या प्राण्याने जमिनीवर कधी पाऊल टाकले नाही, त्याच्याच हाडात हे सापडावे!

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक