आडाचं ठरवलंय, नाना

ती. आई व नानांस,
साष्टांग नमस्कार.

नाना, जुलाबांनंतर आता मऊ खिचडी पोटात ठरू लागली असं दादा म्हणाला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

रागावू नका, सांगूनच टाकते. आडाचं पाणी प्यायचं बंद, हे मी आणि दादाने पक्कं केलंय. बुधवारी मिस्त्री येऊन वर स्लॅब टाकेल. बुजवणार नाही हो! आजोबांनी खणलेल्या आडात माती लोटायची माझी काय छाती? त्याच रहाटावर माझ्या हातांवर हात ठेवून तुम्ही बादली ओढवून घ्यायचात. मोटार राहीलच, झाडांना आणि अंगणाला खुशाल घ्या. नळाला रोज पाणी नसतं म्हणून मोठी टाकी येतेय, फिल्टरही.

'जन्मभर हेच प्यालो' म्हणाल. पण तेव्हा मागे संडासाचा शोषखड्डा नव्हता. पावसाळ्यात बोरी नदी भरली की आडाचं पाणी वर येतं, खड्डाही तुंबतो आणि जमिनीखाली दोघांची गाठ पडते. पाणी मात्र नितळच दिसतं. तुमच्या तपासणीत कॉलरा निघाला नाही, देवाची कृपा. पण तोही याच वाटेने येतो, आणि पेजेसारखे जुलाब होऊन माणूस काही तासांत सुकतो. असो, घाबरवत नाही.

आजी सांगायची, मरीमायच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत रोग्याचं पाणीच तोडायचे. १९७१ साली बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपं भरभरून पाजलं. जिथे शंभरातले तीसेक जात होते, तिथे चारही गेले नाहीत. म्हणून आई, ओआरएसची लिटरवाली पुडी अख्खी लिटरभर पाण्यातच घालायची, पेल्यात चिमूट-चिमूट नाही. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा छोटे चमचे, मीठ अर्धा, सगळं सपाट. उलटी झाली तरी थोडं थांबून घोट-घोट पाजत राहा.

टाकी येईपर्यंत पिण्याचं पाणी खळखळ उकळ. सिलिंडरचे पैसे मी देईन, तेवढ्यावरून वाद नको. उकळलेलं मचूळ लागतं ना नानांना? माठात गार होऊ दे, वाळ्याची जुडीही उकळत्या पाण्यातून काढून घाल. पेला मात्र बुचकळायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं पाठवलंय.

आणि रात्री जुलाब लागले तर दादाला उठवायचं. 'झोपू दे बिचाऱ्याला' अजिबात नको.

कानबाईच्या सणाला येतेच. रोटांचं दळण मी आल्यावर.

तुमची,
छकू