आम्हाला वेळेवर विचारा तरी!

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत तरुणांच्या समाजसेवेवर आलेला लेख वाचला. ‘प्रमाणपत्र हातात पडलं की ही मुलं पुन्हा फिरकत नाहीत’ हे त्यातलं वाक्य आईनं मोठ्यांदा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

मी सतरा वर्षांची आहे. प्रमाणपत्रासाठी मीही गेलेय, ते लपवत नाही. नववीत असताना स्वच्छता मोहिमेत आम्हा चाळीस जणांच्या हातात नवे झाडू दिले, रांगेत उभं केलं, पाहुणे आले, फोटो झाले. मग एक गृहस्थ पोतं घेऊन आले आणि झाडू परत गोळा करून गेले. मैदानावरचा कचरा होता तिथेच होता. झाडू आम्ही खाली टाकले नव्हते, आमच्या हातातून काढून घेतले होते. लेखकांनी मुलांना दोष देताना हेही लिहायला हवं होतं. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास भरायचे असतात, त्यावरही त्यांनी टीका केली आहे. पण 1969 पासून चालत आलेल्या त्या योजनेत तास कशानं भरायचे हे मुलं ठरवत नाहीत. मोठी माणसं ठरवतात.

मला सांगायचंय ते वेगळ्याच कामाबद्दल, लेखनिकाच्या: अंध विद्यार्थी तोंडी सांगेल ते उत्तर त्याच्या पेपरात लिहून द्यायचं. गेल्या फेब्रुवारीत, मी अकरावीत असताना, रात्री साडेनऊला आमच्या ग्रुपवर निरोप आला: बारावीच्या एका अंध विद्यार्थिनीचा लेखनिक ऐनवेळी नाही म्हणाला, परवा पेपर आहे, अकरावी किंवा त्याखालचं कुणी आहे का? मी हो म्हटलं. दुसरा अख्खा दिवस बोनाफाईड, ओळखपत्राची प्रत, फोटो आणि परवानगीचं पत्र यात गेला. आम्ही दोघी एकमेकींना पहिल्यांदा भेटलो ते पेपरच्या दिवशी, परीक्षा केंद्राच्या फाटकापाशी. तिनं विचारलं, “तू भरभर लिहितेस का?” मी “हो” म्हटलं. ती म्हणाली, “मग मी सावकाश सांगते, नाहीतर तू गोंधळशील.”

पेपर इतिहासाचा होता. ती फार छान सांगायची. वाक्य आधी मनात पूर्ण करायची आणि मग बोलायची, “पूर्णविराम, नवीन परिच्छेद” हेसुद्धा सांगायची. एका उत्तरात ती म्हणाली, सत्यशोधक समाजाची स्थापना 1875 साली झाली. ती 1873 ची, हे मला पक्कं ठाऊक होतं. 1875 हे आर्य समाजाचं साल, तिची तिथे अदलाबदल झाली होती. माझं पेन थांबलं. क्षणभरच, पण तिला ते कळलं. कागदावरचा पेनाचा आवाज ती ऐकत होती. तिनं विचारलं, “काय गं, चुकलं का?” तेवढ्यात पर्यवेक्षक मॅडमनी मान वर केली. मी काही बोलले नाही आणि 1875 लिहिलं. लेखनिकानं सांगितलं तेच लिहायचं असतं हे मला माहीत होतं. पण पेन थांबवणं म्हणजेही सांगणंच, हे त्या दिवशी कळलं. शेवटी मी पूर्ण उत्तर वाचून दाखवलं तेव्हाही तिच्या ते लक्षात आलं नाही. तिचा मार्क माझ्यामुळे गेला नव्हता, तरी घरी येऊन मी रडले. पुढच्या पेपरांना मी एका लयीत लिहायला शिकले, बरोबर असो वा चूक.

आता केंद्रावरचं ऐका. अशा विद्यार्थ्यांना तासाला किमान 20 मिनिटं जास्तीची मिळावीत, असं केंद्र सरकारच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तीन तास झाले, घंटा वाजली, बाकीची मुलं निघून गेली आणि शेजारच्या वर्गात बाकं सरकवायला सुरुवात झाली. मग आमच्याच खोलीत झाडू मारायला माणूस आला. धुळीनं ती खोकायला लागली, बोलता बोलता तिचं वाक्य तुटलं आणि ते पुन्हा सापडेना. मॅडम म्हणाल्या, “आटपा आता, सगळे गेले.” ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, माझा एक तास बाकी आहे.” मला तोंड वर करून बोलायची हिंमत झाली नाही, याची मला आजही लाज वाटते. तो तास तिच्या हक्काचा होता. तो जणू मागून घ्यावा लागतोय, असं तिला वाटायला लावणं अत्यंत वाईट होतं.

संपादक महोदय, परीक्षार्थीनं स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा एक पायरी खालच्या इयत्तेचा असावा, असं केंद्र सरकारच्याच 2018 च्या सूचना सांगतात. दहावीच्या मुलाला नववीचा, बारावीच्या मुलीला अकरावीची. म्हणजे एखाद्या निवृत्त प्राध्यापकांना मनापासून वाटलं तरी ते हा पेपर लिहू शकत नाहीत. माझी पदवीधर मावसबहीण लिहू शकत नाही. इथे आमच्याच वयाचं कुणीतरी लागतं आणि त्या निरोपाला हो म्हणणारी मी एकटी नव्हते. आणखी तिघांनी हात वर केला होता. दोघांच्या घरून नाही आलं: तुझी वार्षिक परीक्षा तोंडावर आलीय, तुझा अभ्यास कोण करणार? तिसऱ्याला त्याच्या सरांनी सोडलं नाही. आधीचा जो लेखनिक ‘ऐनवेळी गायब’ झाला, त्यालाही वडिलांनी अडवलं होतं, हे मला नंतर समजलं. लेखकांच्या हिशेबात ही चारही मुलं बेजबाबदार ठरली असतील.

माझ्या कॉलेजनं तिच्या पेपरांत गेलेल्या माझ्या सहा दिवसांची गैरहजेरी लावली. परीक्षा केंद्राचं पत्र दाखवलं, तरी ‘हा कॉलेजचा उपक्रम नाही’ असं उत्तर मिळालं. त्याच महिन्यात वृक्षारोपणाच्या फोटोला गेलेल्यांना हजेरी मिळाली होती. फेब्रुवारीच्या उन्हात लावलेल्या त्या रोपांना नंतर कुणी पाणी घातलं का, तेही कुणीतरी विचारावं. आणि तुमच्याबद्दलही एक तक्रार आहे, रागावू नका. त्या वृक्षारोपणाची बातमी तुम्ही फोटोसकट छापलीत. अकरा पाहुण्यांची नावं होती आणि शेवटी ‘आदी मान्यवर उपस्थित होते’. खड्डे खणणारी मुलं फोटोत होती, पण ओळीत कुठेच नव्हती. आम्हाला नाव हवंय असं नाही. पण मुलं काही करत नाहीत असं लिहिण्याआधी तुमच्याच जुन्या अंकातले फोटो एकदा बघा.

माझी मागणी लहान आहे. लेखनिक व्हायला तयार असलेल्या मुलांची यादी शाळा-कॉलेजांनी दिवाळीच्या सुट्टीआधी करावी, जोड्या तेव्हाच लावाव्यात आणि निदान चार-पाच वेळा सरावाला बसू द्यावं. तिचा उच्चार, माझं अक्षर, तिची सांगायची पद्धत हे सगळं पेपरच्या दिवशी फाटकापाशी जमत नाही. आणि पालकांना कॉलेजनंच पत्र पाठवावं, म्हणजे घरी ते आम्हाला एकट्यानं पटवावं लागणार नाही.

ती आता पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि मी बारावीला, म्हणजे अजूनही एक पायरी खालीच. पहिल्या सत्राच्या पेपरांसाठी तिनं मला आत्ताच सांगून ठेवलंय. दर रविवारी दुपारी आम्ही जुने पेपर घेऊन बसतो. परवा मी तिला ते 1875 चं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “पेन थांबलं तेव्हाच मला वाटलं होतं. पण मग तो मार्क माझा राहिला नसता गं.”

कृपया नाव छापू नये, माझं कॉलेज ओळखू येईल.

– बारावीची एक विद्यार्थिनी