पत्ते ठेव बाजूला, परत कधी उचलणार ते आत्ता ठरवू नकोस

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस की आई, पोकर खेळावंसंच वाटत नाहीये गं, आणि लगेच पुढे म्हणालीस की हरत वगैरे नाहीये हां मी, उलट या वर्षी वरच आहे. ते दुसरं वाक्य खास माझ्यासाठी होतं हे कळलं मला. फोनवर जास्त बोलले नाही कारण बाबा बाजूलाच बातम्या लावून बसले होते आणि ते अर्धं ऐकून पूर्ण मत देतात हे तुला माहितीच आहे. म्हणून हे मोबाईलवरच टाईप करतेय, चुका पोटात घाल.

खरं सांगू का, मला हे आधीच लक्षात आलेलं. तू पहिल्यांदा गोव्याला बोटीवरच्या कसिनोत खेळून घरी यायचीस तेव्हा पैशाचं नाव शेवटी निघायचं. आधी माणसं यायची. तो राजकोटचा काका, तोंडात पान धरून दर डावात पैसे लावणारा, ज्याला सगळे हसायचे आणि जो पहाटे सगळ्यांचे चिप्स, त्या पैशांच्या चकत्या, घेऊन उठायचा. ती दिल्लीची मुलगी जिच्याकडे चांगली पानं आली की ती पाण्याची बाटली उघडायची. तू भाकरी हातात तशीच धरून सांगत बसायचीस आणि डाव्या हाताने कॅरमच्या सोंगट्या दोन ढिगांत करून एकात एक घुसवायचीस, टकटक टकटक, बाबा वैतागायचे. गेल्या खेपेला आलीस तर मी मुद्दाम विचारलं, टेबलावर कोण कोण होतं. तू म्हणालीस, "नेहमीचेच. तीन रेग्युलर, दोन टुरिस्ट." आणि जेवून झोपायला गेलीस. सोंगट्या डब्यातच राहिल्या.

तेव्हा पैसे जिंकलीस का हरलीस हा प्रश्नच नाहीये माझा. माझ्या मते तुझा उत्साह हरण्याने गेलाच नाही. हरण्याने तू आधी कधी खचली नाहीस. एक्क्यांची जोडी हातात येणं म्हणजे २२१ डावांत सरासरी एकदा, आणि समोर राजांची जोडी असली तर एक्के पाचातले चार वेळा जिंकतात, हे तूच मला ओट्याजवळ उभं राहून शिकवलंस. त्या पाचव्या वेळेला रिव्हरवर, म्हणजे टेबलावरच्या शेवटच्या पानाला, राजा पडून सगळे गेले तेव्हा तू जेटीवरूनच फोन केलेलास, अर्धी रडत अर्धी हसत, आणि मी झोपेतून उठून तो अख्खा डाव ऐकला. यंदा तसंच परत झालं तर तू व्हॉट्सॲपवर टाकलंस "AA गेले", म्हणजे एक्के गेले, एवढंच. त्याच्याखाली अंगठ्याचं चित्र. मला त्या अंगठ्याची जास्त काळजी वाटली बघ.

दोन गोष्टी झाल्यात असं मला वाटतं. एक म्हणजे २०२५ च्या ऑगस्टात तो ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या साइट्स एका आठवड्यात बंद पडल्या. कौशल्याचा खेळ असो नाहीतर नशिबाचा, कायद्याला दोन्ही सारखेच. त्याआधी २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होताच, तेव्हाच तू कुरकुरत होतीस, पण दुकान चालू होतं. चार टेबलं एकदम उघडून तू तासाला दोन-अडीचशे डाव खेळायचीस, आणि आता बोटीवर तासाला पंचवीस-तीस. त्यातले तीन चतुर्थांश तर फोल्डच करायचे. म्हणजे रात्रभर बसून माणूस पानं टाकून देत असतो. कंटाळा येणारच गं. पण पूर्वी त्या रिकाम्या वेळात तू माणसं बघायचीस, आता मोबाईल बघतेस, हे तूच बोलता बोलता म्हणालीस.

दुसरी गोष्ट तो सॉल्व्हर, कुठल्या डावात काय करायचं ते सांगणारा प्रोग्रॅम. मला त्यातलं फार कळत नाही पण एवढं कळतं की तू रोज दुपारी त्यासमोर बसून कुठल्या पानावर किती टक्के वेळा रेझ, म्हणजे पैसे वाढवायचे, आणि किती टक्के वेळा कॉल, म्हणजे समोरच्याइतकेच लावायचे, हे पाठ करतेस, दहावीला सनावळ्या पाठ करायचीस तशीच तोंडं करून. तूच सांगितलेलंस ना, २०१७ ला पिट्सबर्गच्या कसिनोत त्या लिब्राटस नावाच्या प्रोग्रॅमने चार प्रो लोकांना वीस दिवस बसवून हरवलं, १ लाख २० हजार डाव, आणि मग २०१९ ला सहा जणांच्या टेबलावरही मशीन जिंकलं. तेव्हा तू खूश होऊन सांगत होतीस. मी तेव्हाच मनात म्हटलं, अगो, मग तू काय करणार? पण बोलले नाही.

आपल्याकडचा दशावतार आठव. संहिता नाही, पाठांतर नाही, रात्री उशिरा मांडावर राजा उभा राहतो आणि समोरचा काय बोलेल त्यावर ह्याचं वाक्य ठरतं, पेटीवाला नि मृदुंगवाला दोघांच्या तोंडाकडे बघत बसलेले. तुला लहानपणी त्यातच मजा यायची, की आता हा काय उत्तर देईल. पोकर तुला आवडला तो त्याचसाठी असं मी आपलं धरून चाललेय. आणि आता त्या सॉल्व्हरच्या रूपाने तुला कोणीतरी छापील नाटकाचं पुस्तक हातात दिलं, वर सांगितलं की यातलं एक अक्षर चुकलं तर पैसे जातील. आणि त्याच दशावतारातली दुसरी गोष्ट, पूर्वी जत्रांचा हंगाम आटोपला, पाऊस आला की पेटारा बंद व्हायचा आणि नट घरी जाऊन लावणीच्या चिखलात उतरायचे. आता हॉलमध्ये वर्षभर प्रयोग होतात ते सोड. पण पावसाळ्यात कोणी त्यांना विचारायला जात नसे की तू अजून राजा आहेस की नाहीस.

तू ब्रेक घेतेयस ते चांगलंच आहे. फक्त तू ज्या पद्धतीने बोललीस त्यावर मला जरा बोलायचंय. तू म्हणालीस सहा आठवडे, त्यात स्टडी चालू ठेवणार, जुने डाव तपासणार आणि मग फ्रेश होऊन परत. आणि पुढे त्या फिल गॅलफंडचं, त्या अमेरिकन पोकर प्रोचं, उदाहरण दिलंस. मी वाचलं त्याच्याबद्दल नंतर. २०२० च्या सुरुवातीला ओमाहा नावाच्या पोकरच्या प्रकारातल्या मॅचमध्ये जवळजवळ ९ लाख युरो खाली गेला, थांबला, काही आठवडे खेळलाच नाही, मग परत येऊन सगळं भरून काढलं आणि २५ हजार डावांनंतर अगदी किरकोळ फरकाने पुढे संपवलं. गोष्ट भारी आहे, वादच नाही. पण बाळा, तो हरत होता आणि त्याला खेळायचं होतं. तू जिंकतेयस आणि तुला खेळायचं नाहीये. त्याचं औषध तुला कसं लागू पडेल? त्याने दम खाल्ला. तुला दम लागलेलाच नाही, तुला भूक नाहीये. आणि भूक नसलेल्या माणसाने सहा आठवड्यांनी ताटावर बसायची तारीख आधीच लिहून ठेवायची आणि मधल्या काळात रोज दुपारी पाककृती पाठ करायच्या, हा कसला ब्रेक?

दुसरीकडे तुझी आत्या आहे. तिला कोणी सांगितलं देव जाणे, बहुतेक बाबांनीच, तिचा फोन आला की आता सुटली एकदाची तर नोकरीला लाव तिला. मी म्हटलं सुटली वगैरे काही नाही, सुट्टीवर आहे. ती व्हेनेसा सेल्ब्स्ट बघ, पोकरच्या वर्ल्ड सिरीजची तीन ब्रेसलेट जिंकलेली बाई, २०१७ च्या शेवटाला व्यावसायिक पोकर सोडून हेज फंडात नोकरीला गेली. तिने सोडलं म्हणून तू सोडावंस असंही नाही आणि गॅलफंड परत आला म्हणून तू यावंस असंही नाही. तारीख ठेवू नकोस एवढंच माझं म्हणणं. सॉल्व्हरचं सबस्क्रिप्शन बंद कर. रद्द कर सरळ, पॉज नको. पोकरच्या ग्रुपवरून बाहेर पड, नाहीतर रात्री दोन वाजता कोणीतरी डावाचा फोटो टाकणार की इथे काय केलं असतं आणि तू उत्तर देत बसणार.

आता कामाचं. तू ज्यांच्या पैशावर मोठ्या टूर्नामेंट खेळलीस त्यांचा हिशोब कुठे आहे? तू मागे म्हणालेलीस की स्टेकवर खेळताना आधीचा खड्डा भरेपर्यंत जिंकलेल्यातलं आपल्याला काही मिळत नाही. तो खड्डा आत्ता किती आहे आणि तू थांबलीस तर त्याचं काय, हे लेखी ठरलंय का नुसतं तोंडी? तोंडी असेल तर ब्रेकच्या आधी मेसेजवर का होईना पण लिहून घे, कारण तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला की एक टूर्नामेंट खेळूनच टाक तर तुला नाही म्हणता येणार नाही, तुझा स्वभाव मला माहितीय. आणि टॅक्स. बोटीवर पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के, वर सेस, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत, म्हणजे तू जे "वर" म्हणतेस ते टॅक्स भरून पण वरच आहे का हे एकदा कागदावर मांड. मी तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढली, लोकांच्या तोंडचे आकडे आणि पासबुकातले आकडे यांची मला चांगली ओळख आहे.

आणि एक विचारते, रागावू नकोस. थांबल्यावर झोप उडाली, हात शिवशिवायला लागले, चिडचिड व्हायला लागली, कुठूनतरी परदेशी साइटवर व्हीपीएन लावून थोडं खेळू असं वाटायला लागलं, तर मग तो कंटाळा नव्हता, मग वेगळंच आहे काहीतरी. तसं झालं तर मला सांग नाहीतर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची लाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. मला तसं वाटत नाहीये. तुझ्या आवाजात शिवशिव नव्हती, नुसता थकवा होता. पण आईने विचारायचं ते विचारलं.

घरी येतेयस तर ये, पण इथे येऊन बरं वाटेल असं काही मी वचन देत नाही. कुडाळात दुपारी लाईट जाते, नेट रडतं, आणि तिसऱ्या दिवशी तुला कंटाळा येणार हे मी आत्ताच सांगते. येऊ दे. तो वेगळा कंटाळा असेल. बाबांना मेंढीकोटाला चौथा भिडू मिळत नाहीये, शेजारचे नाना मुंबईला गेलेत मुलाकडे. तुला खेळायचं नसेल तर त्यांना स्पष्ट नाही म्हण, माझ्याकडे बघू नकोस. आणि खेळलीस तर पानं मोजत बसू नकोस, त्यांना कळतं आणि मग ते चिडतात.

ते हिशोबाचे कागद, बँक स्टेटमेंट आणि साइटवाल्यांनी दिलेली टीडीएसची सर्टिफिकेटं येताना सगळी घेऊन ये, बाजारपेठेतल्या सीएकडे मी वेळ घेतलीय, तो सोमवारी नसतो. आणि स्टेकवाल्यांना मेसेज केलास की मला स्क्रीनशॉट पाठव.

तुझी
आई