शुक्रवारची प्रार्थना आणि बाबांचा आजार

गुरुवार पेठ, पुणे

ती. आई-बाबांस,
सप्रेम सलाम.

आईचे पत्र मिळाले आणि त्याच दिवशी दादाचाही फोन आला. दोघांच्या सांगण्यात मिळून दोन प्रश्न आहेत. घरासमोर जमाव येऊन गेल्यावर घरातली शुक्रवारची प्रार्थना आता बंद करावी का, हा बाबांचा प्रश्न. आणि बाबांचा आजार व गावातला हा विरोध एकाच वर्षी आला याचा अर्थ प्रभू आपल्यावर नाराज आहे का, हा आईचा. हे विषय फोनवर नीट बोलून होत नाहीत, म्हणून लिहिते आहे. बाबांना सावकाश वाचता यावे म्हणून अक्षर मोठे काढले आहे.

आईचा प्रश्न आधी घेते, कारण तो मला जास्त खोल वाटतो. आई, तू लिहिले आहेस की भावकीतल्या काकूंनी तुला तोंडावर सांगितले की आजोबांनी कुळदैवत सोडले त्याचे हे फळ आहे. आणि त्याच आठवड्यात आपल्याच मंडळीतील एका विश्वासी भगिनीने सांगितले की घरात काहीतरी गुप्त पाप असेल किंवा विश्वास कमी पडत असेल. या दोघींचा देव वेगळा असला तरी म्हणणे एकच आहे, आणि ते म्हणणे बायबलमधल्या, निरपराध असून सर्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांचे आहे. ईयोबाजवळ सात दिवस मुकाट बसून राहिले तोवर ते मित्र चांगले होते. तोंड उघडल्यावर त्यांनी त्याच्या दुःखाचा हिशेब मांडायला सुरुवात केली, आणि शेवटी देवाचा राग झाला तो ईयोबावर नव्हे तर त्यांच्यावर. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, आणि प्रभूने दोन्ही नाकारले. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा जावा म्हणून तीन वेळा विनंती केली आणि काटा राहिला. ज्या पौलाच्या हातून अनोळखी लोक बरे झाले, त्यालाच आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी सोडून पुढे जावे लागले, आणि त्याचा दुसरा सोबती तीमथ्य याचे दुखणे तर वारंवार उलटत असे. त्यांचा विश्वास कमी पडला असे पौलाने कोठेही म्हटलेले नाही. मग बाबांच्या थरथरत्या हातावरून आपल्या घराचा न्याय करण्याचा अधिकार त्या भगिनीला कोणी दिला?

याच संदर्भात एक गोष्ट मी परिचारिका म्हणूनही आणि मुलगी म्हणूनही ठामपणे सांगते. बाहेरगावच्या ज्या प्रचारकाने बाबांना गोळ्या बंद करून विश्वास दाखवायला सांगितले, त्याचे ऐकू नका. कंपवातात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. गोळी ती उणीव काही तासांपुरती भरून काढते, आणि म्हणूनच ती ठरलेल्या वेळीच घ्यावी लागते. ती एकदम थांबवली तर अंग ताठरते, जोराचा ताप येऊ शकतो आणि प्रसंग जिवावर बेतू शकतो. माझ्या वॉर्डात मी असे रुग्ण पाहिले आहेत. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि पौलाने त्याला प्रिय म्हटले आहे. गोळी वेळेवर घ्या आणि प्रार्थनाही तितक्याच मनापासून करा. या दोहोंत भांडण लावणारी माणसे मला देवभीरू वाटत नाहीत.

आणि आई, रात्री उठून रडतेस याची तुला लाज वाटते असे तू लिहिलेस, ते वाचून मला फार वाईट वाटले. बायबलमधील स्तोत्र 88 पुन्हा एकदा सबंध वाच. इतर विलापस्तोत्रांत शेवटी कोठेतरी उजेड दिसतो. या स्तोत्रात तो दिसत नाही, ते अंधारातच संपते, आणि तरीही ते शास्त्रात आहे, कारण ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याचपाशी ती केलेली आहे. पकडले जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभूही अतिशय खिन्न झाला आणि दुःखाचा प्याला टळावा म्हणून त्याने प्रार्थना केली. तुझे रडणे अविश्वास असते तर तू ते प्रार्थनेत केले नसतेस.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. बायबलमधील प्रेषित पेत्राचे पहिले पत्र ज्यांना लिहिले गेले ते लोक पंत, गलतीया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत विखुरलेले होते. आपण छळ म्हटले की सिंह आणि तलवार डोळ्यांसमोर आणतो. त्या पत्रात मात्र वारंवार येते ती बदनामी. शेजारी त्यांच्याविषयी वाईट बोलत होते, पूर्वीच्या संगतीत ते येत नाहीत म्हणून नवल करत होते, त्यांची निंदा करत होते. आज गावात आपल्याविषयी पैसे देऊन बाटवतात असे जे बोलले जाते, त्याच्याशी हे किती जुळते ते तुम्हीच पाहा. अशा लोकांना पेत्र सांगतो की या अग्निपरीक्षेचे नवल मानू नका, विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या, आणि आपले प्राण विश्वासू निर्माणकर्त्याच्या हाती सोपवून चांगले करत राहा. मी या शेवटच्या सांगण्यावर अलीकडे पुष्कळ विचार केला आहे. लपून बसा असे त्याने सांगितले नाही आणि भांडायला उठा असेही सांगितले नाही. स्वतःला देवाच्या हाती सोपवायचे आणि जे चांगले काम चालू होते ते तसेच चालू ठेवायचे, एवढेच त्याने मागितले आहे. घरात बसून आठ-दहा माणसांनी गीत गाणे, शास्त्रभाग वाचणे आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणे हे चांगले काम आहे. ते बंद करू नये असे माझे मत आहे.

परंतु त्याच अध्यायात पेत्राने एक अट घातली आहे आणि आपण ती सोयीस्करपणे विसरतो. तुमच्यापैकी कोणी खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगू नये, असे तो म्हणतो. नाताळापूर्वी बाहेरून आलेल्या त्या प्रचारकाने ध्वनिक्षेपकावरून शेजाऱ्यांच्या देवांविषयी जे शब्द वापरले, ते प्रभूसाठी सोसलेल्या विरोधाचे कारण म्हणून मी मान्य करणार नाही. ते दुखावणेच होते. बाबांनी ज्या दिवशी त्याला पुन्हा आपल्या ओट्यावर बोलू दिले नाही, त्या दिवशी त्यांनी योग्य केले. त्याच्या बोलण्याने ज्यांची मने दुखावली त्यांना बाबांनी स्वतः भेटून सांगावे की आमच्या घरात असे बोलले जात नाही. खरे ख्रिस्तीपण न लपवता हे सांगता येते, आणि बाबांसारखा माणूस सांगेल तर लोक ऐकतील.

पंचहौदाच्या देवळातून, पवित्र नाम देवालयातून, रविवारी घरी येताना मला नेहमी पंडिता रमाबाईंची आठवण येते, कारण त्यांना विरोध झाला तो याच पुण्यात. त्यांचे आई-वडील आणि बहीण दुष्काळात गेली, नंतर भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षे होण्याच्या आत पती गेले, आणि कडेवर लहानगी मनोरमा राहिली. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथे वैद्यकी शिकण्याचा त्यांचा मानस ऐकू कमी येत असल्यामुळे मागे पडला, आणि तो बहिरेपणा पुढे वाढतच गेला. 1889 मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन त्यांनी पुढच्या वर्षी पुण्यात आणले. विधवांना शिकवणाऱ्या या घराचे सुरुवातीला सुधारकांनी स्वागत केले. पण काही मुली त्यांच्या सकाळच्या प्रार्थनेला येऊन बसतात असे कळताच गदारोळ झाला, 'केसरी'तून कडक टीका झाली, 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. खोलीचे दार लावून प्रार्थना केली असती तर हे टळले असते. त्यांनी दार उघडे ठेवले, कोणाही मुलीवर बळजबरी केली नाही, आणि जे आपण मानतो ते चोरून करण्याचे नाकारले.

यात दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी की त्यांच्यावर दबाव आणणारे सगळेच पुण्यातले नव्हते; इंग्लंडमधील ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशीही श्रद्धेच्या प्रश्नांवर त्यांचे तीव्र मतभेद झाले, आणि दोन्हीकडे त्या सारख्याच स्पष्टपणे बोलल्या. दुसरी अशी की धर्मांतरामुळे चोहोंकडून टीका होत असताना जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये लिहून त्यांची बाजू घेतली. फुले ख्रिस्ती नव्हते. आपल्या गावातही असे लोक आहेत, बाबा, हे विसरू नका. त्या दिवशी जमाव आला तेव्हा मध्ये येऊन उभे राहिलेले वारकरी आजोबा आपल्या मंडळीचे नाहीत.

आणि 1893 नंतर रमाबाईंनी काय केले? 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले, तिथे शेती, विणकाम आणि छापखाना चालू झाला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. 1921 मध्ये मनोरमा त्यांच्या हयातीतच गेली, एप्रिल 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या आणि त्यांचे बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या दुःखांची बेरीज करून कोणी त्यांना देवाने टाकलेली बाई म्हणेल काय? ज्यांनी त्यांना विरोध केला त्यांच्याच समाजातील मुलींना जेवू घालण्यात आणि शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले. चांगले करत राहणे म्हणजे काय हे मला पेत्राच्या पत्रापेक्षाही त्यांच्यामुळे अधिक कळले.

दादाचे म्हणणे मी हलके समजत नाही. त्याची मुले गावातल्या शाळेत जातात आणि त्याला भीती वाटते. ती भीती भ्याडपणा नव्हे. दारावरचा क्रूस काढून ठेवावा असे तो म्हणतो, त्यावर मात्र माझे उत्तर वेगळे आहे. क्रूस काढल्याने संशय वाढेल, कारण लोक म्हणतील की लपवण्यासारखे काही होते म्हणूनच काढला. उलट, काय चालते ते कोणालाही पाहता यावे. शुक्रवारी दार उघडे ठेवा, आवाज घरापुरता ठेवा, आणि गावाबाहेरच्या कोणालाही बोलण्यासाठी बोलावू नका.

कायद्याची मदत घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे मंडळीतील काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. फिलिप्पैत चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलेल्या पौलाने गुपचूप निघून जाण्यास नकार दिला आणि अधिकाऱ्यांना स्वतः यायला लावले. यरुशलेमेत फटके मारण्याची तयारी चालू असता त्याने आपले रोमी नागरिकत्व सांगितले. पुढे त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. आपल्या संविधानाचा अनुच्छेद 25 सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देतो. बाबांना ठाण्यात बोलावून दिवसभर बसवून ठेवले, पण कागदावर काहीच नोंद केली नाही, हे योग्य झाले नाही. पुढच्या वेळी बोलावले तर एकट्याने जाऊ नये, आणि आपल्या बाजूने जे घडले ते लेखी अर्जात, कोणावरही वाढवून आरोप न करता, तारखेनिशी लिहून अर्जाची पोच घ्यावी.

बाबा, त्या दिवशी सर्वांत मोठ्याने ओरडणारा मुलगा तुमच्याच हाताखाली बाराखडी शिकला, हे तुम्हाला आजारापेक्षा जास्त लागले आहे असे आई लिहिते. मला त्याचे नवल वाटत नाही. दुसऱ्या शतकात स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना पकडायला शिपाई आले, तेव्हा त्यांनी आधी त्या शिपायांना जेवायला वाढायला सांगितले आणि स्वतःसाठी फक्त प्रार्थनेला वेळ मागितला. आईने त्या दिवशी उन्हात उभ्या राहिलेल्या मुलांना पाण्याचा तांब्या नेऊन दिला, असे दादा सांगतो, आणि तेही रागाच्या सुरात सांगतो. आई, तू केलेस ते बरोबर केलेस. बाबांनी त्या मुलाच्या आईची चौकशी करणे सोडू नये. तिचा पाय मोडला होता तेव्हा तुम्हीच तिला दवाखान्यात नेले होते, आणि तो मुलगा ओरडला म्हणून तिच्याकडे जाणे थांबवण्याचे काही कारण नाही.

मी येत्या शनिवारी दुपारच्या एसटीने निघते आहे. रविवारची उपासना आणि प्रभुभोजन झाल्यावर पाळकसाहेबांना आपल्या घरी जेवायला बोलवा. अर्जाचा मसुदा आपण त्यांच्यासमोर बसून करू, आणि दादालाही थांबायला सांगा, कारण त्याची संमती नसताना मला काही करायचे नाही. सोमवारी मी बाबांबरोबर सरपंचांकडे जाईन. बाबांच्या महिन्याभराच्या गोळ्या इथून आणते आहे. तोवर दुपारची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी द्यावी, आणि या शुक्रवारी प्रार्थना नेहमीच्याच वेळी घ्यावी. गीत आईने सांगावे आणि शास्त्रभाग बाबांनी वाचावा. आवाज अडखळला तर ऐकणारे थांबतील.

तुमची,
धाकटी